स्ट्रोकनंतर मेंदूची टेस्ट: घरच्यांनी काय तयारी करायची

हात-पाय हलायला लागले की सगळे म्हणतात चला सुटलो, पण लक्ष, आठवण, हिशोब यात गडबड आहे का ते बघायचं राहूनच जातं. डॉक्टरांनी स्वतःहून विषय काढला नाही तर तुम्हीच कॉग्निटिव्ह टेस्टबद्दल, म्हणजे हेच सगळं तपासणाऱ्या टेस्टबद्दल विचारा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं परत जमावीत म्हणून मदत करणारे) जायची चिठ्ठी मागा, मुंबईत केईएम, नायर, हाजीअलीची सरकारी रिहॅब इन्स्टिट्यूट इथे तो विभाग आहे.

जायच्या आधी चार-पाच दिवस नुसतं बघा आणि वहीत लिहा. ताटात डावीकडची भाजी तशीच राहते का, दाढी अर्धीच होते का? मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला की डोळे धड असूनही डावीकडचं जगच लक्षात येत नाही काहींच्या, आणि घरचे मात्र बाबा नीट जेवत नाहीत म्हणून ओरडत बसतात. ताट फिरवून बघा, खातात का. चहा करायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून. नुसतं 'विसरतात' लिहू नका, गॅस पेटवला आणि पातेलं ठेवलंच नाही असं लिहा, थेरपिस्टला तेच कामाचं.

टेस्टच्या दिवशी झोप झालेली हवी, चष्मा आणि कानाचं मशीन सोबत घ्या, गर्दीच्या लोकलने दमवून नेऊ नका. शिक्षण किती, लिहायचा हात कुठला हे आधीच सांगा. बऱ्याचदा मोका टेस्ट घेतात, 30 मार्कांची, साधारण दहा मिनिटं, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, 100 मधून 7 वजा करत जा असं. मराठीतही आहे, मागून घ्या. घरी प्रॅक्टिस नको आणि मागे बसून उत्तरं पुटपुटणं तर अजिबात नको (हे काकूलोकांना जमतच नाही!).

मोकात 26 किंवा वर म्हणजे नॉर्मल धरतात, पण त्याखाली मार्क आले म्हणून रडायचं नाही. बोलणं गेलेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत म्हणूनही मार्क जातात, त्यांच्यासाठी ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन ही दुसरी टेस्ट जास्त बरी. डिप्रेशननेही मार्क घसरतात, ते वेगळं विचारा.

आकड्यापेक्षा हे विचारून या: एकट्याने रस्ता ओलांडू द्यायचा का, गोळ्या कोणी द्यायच्या, यूपीआय त्यांच्या हातात ठेवायचं का, परत टेस्ट कधी. आणि मधेच अचानक बरळायला लागले किंवा तोंड वाकडं झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, सरळ 108 लावा.