विंडोज नव्याने टाकण्याआधी मेल बाजूला काढा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक जुनी मशीन फॉरमॅट करून त्यांवर ११ टाकण्याचं काम निघालं. आधी मशीन चालेल का ते पाहा: विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. रन खिडकीत टीपीएम.एमएससी (tpm.msc) टाकलं की ती आहे का ते कळतं. चिप सापडली नाही म्हणून लगेच नवं मशीन घेऊ नका; बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ती इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने बंद असू शकते. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. हा बदल केला की पुढच्या बूटला मशीन ती मागू शकतं.

फोटो आणि डॉक्युमेंट्स बहुतेक जण आठवणीने कॉपी करतात. मेल मात्र राहून जाते, कारण ती बरेचदा अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. खात्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या मेलचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, बघा. ९९३ म्हणजे आयमॅप: मेल सर्व्हरवर आहे, खातं जोडलं की परत उतरेल. ९९५ म्हणजे पॉप, आणि तिथे सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केलेली नसेल तर तुमच्या डिस्कवरची मेल ही एकमेव प्रत आहे. आयमॅपवाल्यांनीही लोकल फोल्डर्स उघडून बघावेत; तिथे हलवलेली जुनी मेल सर्व्हरवर नसते.

थंडरबर्ड या मेल सॉफ्टवेअरमध्ये हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा आणि प्रोफाइल फोल्डरसमोरचं ओपन फोल्डर दाबा. मग थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर उचला. निवडक फाइली घेऊ नका: पासवर्ड एका फाइलीत आणि ते उघडणारी किल्ली दुसरीत असते, एक राहिली की दुसरी निरुपयोगी. प्रोफाइल २ जीबीपेक्षा मोठं असेल तर टूल्समधल्या एक्सपोर्टच्या भरवशावर राहू नका, हाताने कॉपी करा. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स या वाटेने मेल साठवणारी पीएसटी फाइल कुठे आहे ते दिसतं. ओएसटी सोडली तरी चालेल, ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते. आउटलुक उघडं असताना पीएसटी कॉपी होत नाही.

कॉपी मध्येच अडली तर पेन ड्राइव्हचं फॉरमॅट तपासा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवं. कॉपी झालेली पीएसटी दुसऱ्या मशीनवर उघडून एखादी जुनी मेल वाचून पाहा. नुसता फाइलचा आकार जुळला म्हणून समाधान मानू नका.

कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली मराठी कागदपत्रं असतील तर ते फॉन्टही सोबत घ्या. नाहीतर नव्या मशीनवर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे त्याचा ड्रायव्हरही उतरवून ठेवा. जीमेल जुन्या मेल सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं असेल तर १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड लागतो आणि तो द्विस्तरीय पडताळणी सुरू असल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा फोन हाताशी असू द्या.

इन्स्टॉलेशनसाठी किमान ८ जीबीचा वेगळा पेन ड्राइव्ह घ्या, कारण तो पूर्ण पुसला जातो. आणि सेटअप सुरू करण्यापूर्वी बॅकअपची डिस्क काढून ठेवा: सेटअपमधल्या विभाजनांच्या (पार्टिशनच्या) यादीत सी, डी अशी ओळखीची अक्षरं नसतात, नुसते डिस्क क्रमांक आणि आकार असतात, आणि तिथे चुकीची ओळ डिलीट होते.