हळव्या मनाने चिनी पुराणकथांवरच्या कादंबऱ्या कशा वाचायच्या

मुखपृष्ठावर ड्रॅगन, मागच्या बाजूला देव, अमृत, जादू असा मजकूर. आपण खुशीत वाचायला बसतो आणि अर्ध्या पुस्तकात एखादं असं प्रकरण येतं की जेवण जात नाही. वाचलेलं जिवाला लावून घेणाऱ्यांपैकी मीही एक. म्हणून या प्रकारच्या कादंबऱ्यांना हात घालण्याआधी मी थोडी तयारी करते.

आधी आपलं दुखरं ठिकाण ओळखा. ‘मला हिंसा सोसत नाही’ एवढं म्हणून भागत नाही. कुणी रणांगण सहज वाचतं, पण लहान मुलाचे हाल आले की पुस्तक मिटतं. कुणाला बापाने मुलाला नाकारणं तलवारीपेक्षा जास्त लागतं. नेमकं काय सोसत नाही ते दोन ओळींत लिहून ती चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून ठेवा.

मग मूळ कथा वाचा. शेवट आधी कळेल म्हणून बिचकू नका. रामायणाचा शेवट माहीत असूनही आपण कीर्तनाला बसतोच की! चिनी वाचकालाही या कथा लहानपणापासून ठाऊक असतात.

नेझाचंच बघा. मिंग काळातल्या ‘फंगशन यानयी’ या शंभर अध्यायांच्या ग्रंथात हा पोरगा समुद्राच्या ड्रॅगनराजाच्या मुलाला मारतो. राजा सूड घ्यायला येतो, तेव्हा आईबापांवरचं संकट टळावं म्हणून नेझा स्वतःचं शरीर कापून हाडामांसाचं देणं त्यांना परत करतो. पुढे बाप त्याचं देऊळही फोडतो. शेवटी गुरू कमळापासून त्याला नवं शरीर घडवतो. म्हणजे एका कथेत आत्मघात, बापलेकाचं वैर आणि पुनर्जन्म, सगळंच आलं. हे माहीत असलं की कादंबरीत नेझा हे नाव दिसताच आपण सावध होतो. मात्र मूळ कथेत कमळ आहे म्हणून कादंबरीकार ते देईलच, असं धरून चालू नका.

जाता जाता, हा नेझा आपल्याला अगदीच परका नाही. अभ्यासक त्याचं नाव नलकूबराशी जोडतात. यशोदेने उखळीला बांधलेल्या कृष्णाने ज्या दोन वृक्षांना शापमुक्त केलं, त्यांतला एक तो, कुबेराचा मुलगा. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनला पोचला आणि तिथे त्याचं हे असं झालं. आपला यमराजही तिकडे ‘यानलुओ’ झाला; त्याच्या नरकातल्या शिक्षांची वर्णनं भयंकर असतात. ड्रॅगन मात्र तिथे बहुधा आग ओकत नाही, पाऊस पाडतो.

देवांच्या मागचा इतिहास शोधा. माझ्या मते ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण जास्त बोचतो तो इतिहासच. आर. एफ. क्वांग यांची ‘द पॉपी वॉर’ (२०१८) सुरुवातीला शाळेची गोष्ट वाटते: अनाथ मुलगी, अवघड परीक्षा, विक्षिप्त गुरू. पण पुढचं युद्ध दुसऱ्या चीन-जपान युद्धावर बेतलेलं आहे आणि एकविसाव्या प्रकरणामागे १९३७ सालचं नानजिंगचं हत्याकांड आहे. तिथे बलात्कार, कत्तल, मुलांचे मृत्यू काहीही झाकलेलं नाही. हे प्रकरण गाळायचं असेल तर खुशाल गाळा. त्या शहरात काय घडलं ते वाचलेल्या मैत्रिणीकडून दोन वाक्यांत ऐकून घ्या, म्हणजे नायिका पुढे इतकी टोकाला का जाते ते कळेल.

सुरुवात सौम्य पुस्तकाने करा. स्यू लिन टान यांची ‘डॉटर ऑफ द मून गॉडेस’ (२०२२) त्यासाठी बरी. अमृत पिऊन चंद्रावर गेलेल्या छांग-अ देवीच्या मुलीची ही गोष्ट. लढाया आणि विश्वासघात इथेही आहेत, पण क्रौर्याची वर्णनं त्या मानाने कमी.

वाचताना जड प्रकरण दिवसा घ्या, झोपण्याआधी नको. छापील पुस्तक किंवा ई-बुक बरं. तिथे नजर पुढे सरकवता येते. ऑडिओबुक कानात शिरलं की शब्द अन् शब्द ऐकावा लागतो. पुस्तकाच्या सुरुवातीला आशयाबद्दल सूचना असेल तर ती वाचाच. नसेल तर आधीच्या वाचकांचे अभिप्राय चाळा.

आणि तरीही मन विस्कटलंच, तर मी ‘पश्चिमेची यात्रा’ ही जुनी चिनी कादंबरी काढते. शाळेच्या इतिहासात भेटलेला ह्युएन त्संग तिथे कथेतला भिक्खू होतो आणि त्याचा माकड शिष्य स्वर्गातल्या बागेची राखण करायची सोडून अमरत्वाची पीचं स्वतःच फस्त करतो. तेवढे अध्याय मी कितीही वेळा वाचू शकते.