जांभळे उतरवल्यापासून खाईपर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, चोपडा, शहादा या भागांत जांभूळ पिकते ते मृगाच्या आगेमागे, आणि नाजूक फळासाठी याहून अवघड काळ दुसरा नाही; पाऊस येईपर्यंत उन्हाचा तडाखा ओसरत नाही आणि पाऊस आला की दमट हवेत बुरशीचे फावते. त्यातच जांभूळ आंब्यासारखे अढीत घालून पिकवता येत नाही. ते झाडावरच पूर्ण पिकू द्यावे लागते आणि पिकल्यावर त्याची साल इतकी पातळ होते की बोटाचा दाबही तिला पुरतो.

म्हणून जांभळे पहाटे, ऊन चढण्यापूर्वी उतरवावीत. फांदी झोडपण्यापेक्षा खाली चादर ताणून धरावी आणि फांदी हलक्या हाताने हलवावी. जमिनीवर आपटलेली फळे वरून धड दिसली तरी आतून चेचलेली असतात; ती चांगल्या फळांत न मिसळता त्याच दिवशी रसासाठी वापरावीत. टोपलीत तळाशी केळीचे पान अंथरावे (रावेर-यावलकडे त्याला तोटा नाही) आणि फळांचा थर चार बोटांपेक्षा जाड करू नये. भरलेल्या पाटीतली खालची फळे वरच्यांच्या वजनानेच फुटतात, त्यांचा रस शेजारच्या फळांना लागतो आणि एका फुटक्या फळापासून सुरू झालेली बुरशी रातोरात अर्धी पाटी व्यापते.

घरी आणल्यावर बहुतेक जण टोपली सरळ नळाखाली धरतात, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच घाईने होते. उन्हाने तापलेले फळ एकदम गार पाण्यात बुडवले की त्याच्या आतली हवा आकसते आणि पाणी, सोबत त्यातले जंतूही, देठाच्या खाचेतून आत ओढले जातात. शिवाय सालीवरचा मेणासारखा पातळ थर ओलावा धरून ठेवतो आणि बुरशीलाही काही अंशी अडवतो. धुताना तो निघून जातो. म्हणून आधी फळे सुपात किंवा परातीत पसरून सावलीत, पंख्याखाली निववावीत, त्याच वेळी फुटकी, चिकट आणि किडकी वेचून काढावीत, देठ असल्यास राहू द्यावेत, आणि उरलेली न धुता ठेवावीत.

ठेवण्यासाठी पसरट डबा घेऊन त्यात सुती कापड अंथरावे, फळांचे एक-दोनच थर लावावेत आणि झाकण किंचित उघडे ठेवून डबा फ्रीजमध्ये ठेवावा. घट्ट झाकणाखाली फळांतून निघालेली वाफ थेंब होऊन पुन्हा फळांवरच बसते. फ्रीज नसेल, तर माठाशेजारच्या गार कोपऱ्यात टोपली ठेवून एक-दोन दिवसांत फळे संपवावीत. मात्र केळीचा घड तिथेच टांगलेला असू नये, कारण पिकत्या केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे शेजारची नाजूक फळे लवकर खराब होऊ शकतात.

धुणे खाण्याच्या वेळी, लागतील तेवढ्याच फळांचे करावे. एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवून त्यात फळे दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास आतल्या अळ्या असतील तर त्या बऱ्याचदा बाहेर येतात. नंतर वाहत्या पाण्याने धुऊन मऊ कापडावर टिपून घ्यावीत, चोळू नयेत. करवंदांसाठीही हीच रीत चालते, फक्त त्यांचा चीक बोटांना चिकटतो म्हणून हाताला आधी थोडे तेल लावावे. तुती मात्र बुडवून ठेवू नये. ती पाणी शोषून बेचव होते, म्हणून चाळणीत घालून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडणे पुरेसे आहे.

जास्तीची जांभळे महिनोन् महिने हवी असतील, तर धुऊन पूर्ण कोरडी केल्यावर ताटात सुटी पसरून गोठवावीत आणि दगडासारखी झाल्यावर पिशवीत भरावीत, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही. अशी फळे वितळल्यावर लिबलिबीत होतात, त्यामुळे ती सरबतालाच घ्यावीत, आणि लांबलेल्या भारनियमनात पूर्ण वितळून कोमट झालेली पिशवी पुन्हा गोठवू नये.