टाकीवरचे ओरखडे असे थांबवले

बेल्टचं बक्कल आणि जॅकेटची चेन घासून बाइकच्या टाकीवर ओरखड्यांचं जाळं झालं होतं. बघून जीव तुटायचा. आधी साधं पातळ विनाइल लावलं, पण महिन्याभरात कडा उचलल्या.

मग टीपीयूची (लवचीक, चिवट प्लास्टिकची) पारदर्शक चिकट फिल्म आणली, साधारण 200 मायक्रॉनची. पॉलिश करून टाकी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, कारण मेणाचा अंश राहिला तर फिल्म धरत नाही. शाम्पूचं पाणी फवारून फिल्म ठेवली आणि मधून कडेकडे पाणी ढकलत गेलो. वळणावर हेअर ड्रायरची ऊब हवीच. कोपरे गोल कापा, टोकदार आधी सुटतात.

फ्रेमच्या पुढच्या नळीवरही तीच लावली. पुढचं चाक खडी तिथेच फेकतं. आता फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हात आपोआप भरून येतात.