पिकअपला एअर-फ्युएल गेज बसवताना

वेस्ट व्हर्जिनियात आमच्याकडे कार्ब्युरेटरवर चालणारा जुना व्ही-८ पिकअप आहे. चढावर ट्रेलर ओढताना तो धापा टाकायचा, स्पार्क प्लग काळे निघायचे. अंदाजाने जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं) बदलत बसण्यापेक्षा सरळ गेज बसवलं: एक्झॉस्टमधल्या सेन्सरवरून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं मीटर.

स्वस्तातलं नॅरोबँड घेऊ नका. मिश्रण १४.७ च्या (वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) अलीकडे की पलीकडे, एवढंच ते सांगतं. दिवे मात्र छान नाचतात. बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरवर चालणारं वाइडबँड, म्हणजे नेमका आकडा दाखवणारं, घ्या. सेन्सर कधीतरी मरणारच, आणि हा सहज मिळतो. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, त्याचं योग्य प्रमाण १४.१ च्या आसपास. म्हणून मी गेज लॅम्डावर (आताचं प्रमाण भागिले योग्य प्रमाण) ठेवलं: इंधन कोणतंही असो, १ म्हणजे बरोबर, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त.

खरं काम एक्झॉस्ट पाइपवर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी भोक पाडून १८ मिमी आट्यांचा बंग (सेन्सर फिरवून बसवायचं कडं) वेल्ड केला. सेन्सर वरच्या बाजूने, तिरका, टोक खाली. नाहीतर पाइपातलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जाऊन ते तडकतं. सेन्सरच्या अलीकडे कुठे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज उगाच लीन (पेट्रोल कमी) दाखवतं. वीज इग्निशनच्या वायरीतून, फ्यूज घालून. सेन्सरचा हीटर बंद ठेवून इंजिन चालवलं की त्यावर काजळी धरते.

पूर्ण थ्रॉटलला आकडा आला ०.७८! मेन जेट दोन नंबर लहान केला. आता ०.८५ (पूर्ण थ्रॉटलला थोडं जास्त पेट्रोल लागतंच), आणि सपाटीवर ०.९७.