ग्रोथ प्लेटची दुखापत: ‘स्टेम सेल टाकायच्या का?’ त्याआधीचं काम

लहान मुलांची हाडं हाच माझा रोजचा विषय. हल्ली पालक खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, “डॉक्टर, पेशी टाकल्या तर?” त्यावर मी आधी जुने एक्स-रे मागतो. रिपोर्ट नव्हे, फिल्म.

प्लास्टर निघालं, दुखायचं थांबलं, की फाइल कपाटात जाते. ती जाऊ देऊ नका. ग्रोथ प्लेट म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा (कार्टिलेजचा) पातळ थर. लांबी वाढते ती तिथून. फ्रॅक्चर त्यातून आरपार गेलं, तर वरचं आणि खालचं हाड मध्येच जुळून पूल तयार होऊ शकतो. पूल कडेला असेल तर हाड वाकतं, मधोमध असेल तर आखूड राहतं. गुडघ्याच्या वरची प्लेट वर्षाला जवळपास १ सेंटिमीटर वाढ देते, म्हणून तिथल्या दुखापतीला मी सगळ्यात जास्त घाबरतो.

दर काही महिन्यांनी दोन्ही पायांचा एक्स-रे काढा. प्लेटजवळ बारीक पांढरी रेघ दिसते का, ते डॉक्टरांना दाखवायला सांगा. रेघ प्लेटला समांतर असेल तर वाढ सुरळीत आहे. तिरकी जाऊन प्लेटला भिडत असेल, तर पूल तिथेच शोधायचा. मग एमआरआय करून पुलाने किती भाग व्यापलाय ते मोजायचं आणि हाताच्या एक्स-रेवरून हाडाचं वय, म्हणजे वाढ किती उरलीय, ते काढायचं. मुलींची वाढ साधारण १४व्या वर्षी थांबते, मुलांची १६व्या.

पूल निम्म्यापेक्षा कमी आणि वाढीची निदान २ वर्षं शिल्लक असतील, तर तो कोरून काढून पोकळीत रुग्णाचीच चरबी भरता येते. फिनलंडच्या लांगेनशॉल्ड यांची ही पद्धत. चरबी हाडाला पुन्हा जुळू देत नाही, पण नवी कूर्चाही बनवत नाही. पेशीरोपणाची कल्पना इथे येते: चरबीच्या जागी कूर्चापेशी किंवा अस्थिमज्जेतल्या मूलपेशी (स्टेम सेल) जेलमध्ये घालून बसवायच्या. सशांमध्ये यामुळे वाकणं कमी झालेलं दिसलंय. मुलांमध्ये मात्र हा अजून रुळलेला उपचार नाही. पेशी जगल्या तरी पुरत नाही. त्यांनी वाढीच्या दिशेनेच रांगा लावायला हव्यात. शिवाय मूलपेशींचं हाडच झालं, तर आपण काढलेला पूल पुन्हा उभा!

कुणी पैसे घेऊन सांध्यात इंजेक्शन देऊ म्हणालं, तर विचारा: नोंदणीकृत चाचणी आहे का? नैतिकता समितीची मंजुरी? किती मुलांवर केलं, आणि त्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत पाहिलंत का? नुसत्या सुईने पूल हटत नाही. गुडघ्याच्या सांध्यातल्या कूर्चेवर १९९४पासून गाजलेलं पेशीरोपण दाखवतील; ती कूर्चा वेगळी, तिला लांबी वाढवायची नसते.

वाढ थोडीच उरली असेल तर पेशींचा विषयच सोडा. २ सेंटिमीटरपर्यंतचा फरक बुटाची टाच उंचावून निभावतो. जास्त होणार असेल, तर दुसऱ्या पायाची प्लेट वेळेत थांबवता येते. त्यासाठी हाडाचं वय आत्ताच माहीत हवं.