सांता त्रिनिता पूल असा बघा

फ्लॉरेन्समध्ये सगळी गर्दी पोन्ते वेक्यो या दुकानांच्या जुन्या पुलावर असते. तुम्हीही तिथेच जा, पण सकाळी, आणि दुकानांत न रमता मधल्या मोकळ्या जागेत पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या तीन कमानींवर पडतं. तो सांता त्रिनिता. पुलांच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून सांगतो, याहून देखणा दगडी पूल मी पाहिलेला नाही.

आधी मधली कमान. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, सुमारे 32 मीटरचा, उंची त्याच्या जेमतेम सातवा हिस्सा. अर्धवर्तुळ घेतलं असतं तर कमान 16 मीटर वर गेली असती आणि घोडागाड्यांना चढ लागला असता. 1557 च्या पुरात आधीचा पूल वाहून गेला होता, त्यामुळे पाण्याला वाट मोकळी हवी आणि रस्ताही फार चढता नको, असा दुहेरी पेच होता. 1567 मध्ये काम हाती घेणाऱ्या वास्तुकार बार्तोलोमेओ अम्मानातीने तो या चपट्या कमानीने सोडवला. कमान चपटी केली की रेटा बाजूला वाढतो. तो पेलण्यातच खरी हिंमत आहे.

आता माथ्यावरचं संगमरवरी कोरीवकाम अंगठ्याने झाका आणि दोन्हीकडून येणाऱ्या रेषा मनातल्या मनात पुढे ओढा. त्या सलग मिळत नाहीत, किंचित टोक होतं. तेच टोक त्या नक्षीआड लपवलंय. हे कळलं की नक्षीकडे बघण्याची नजरच बदलते.

मग चालत पुलावर या. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंगांनी उडवला. आतून काँक्रीट घालून वरून दगड लावायचा सोपा मार्ग होता. शहराने तो नाकारला, अर्नो नदीच्या पात्रातून जुने दगड काढले, कमी पडले तेवढ्यांसाठी बोबोली बागेतली खाण पुन्हा उघडली आणि 1958 मध्ये पूल होता तसा उभा केला. आपल्याकडे जुन्या पुलांच्या डागडुजीत हा हट्ट मला फार कमी दिसतो.

चार कोपऱ्यांवरचे ऋतूंचे पुतळे 1608 चे, मेदिची या इथल्या राजघराण्यातल्या लग्नासाठी बसवलेले. त्यातली वसंताची मूर्ती शोधा आणि मानेकडे बघा. स्फोटानंतर हे शिर बेपत्ता होतं. 1961 मध्ये नदीतच सापडलं आणि पुन्हा जोडलं. सांध्याची रेघ अजून दिसते.